बुडणारा वाडगा

मित्रांनो, बुडणे हाच माझा धंदा. मी ओमानच्या डोंगरातला एक जुना तांब्याचा वाडगा आहे. माझ्या भावंडांना तुमच्याकडे घटिकापात्र म्हणतात. निझवा गावच्या तांबटाने मला ठोकून ठोकून घडवले आणि शेवटी तळाला बारीकसे भोक पाडले. त्या दिवशी मनात शिरलेली बुडण्याची भीती आजतागायत गेलेली नाही.

आमच्या गावाला पाणी एकच, फलजचे, म्हणजे डोंगरातून खोदून आणलेल्या पाटाचे. ते पाळीपाळीने मिळायचे. पाणी वाटणारे खल्फानकाका मला भरल्या परातीत सोडत. भोकातून पाणी आत येई, मी भरून बुडे, की एकाची पाळी संपली. "वाडगा कुणाचा मिंधा नाही," असे लोक कौतुकाने म्हणत. पण पाणी काठाशी आले, की मला दर वेळी वरच तरंगत राहावेसे वाटे.

एका दुष्काळात पाट करंगळीएवढा झाला. गावातल्या रय्याची पाळी आली. नवरा मस्कतला कामाला, आई तापाने फणफणलेली, शिक्षिका होण्याची परीक्षा तोंडावर. शेतात गहू, कांदा, शेळ्यांसाठी लसूणघास आणि वडिलांनी शेवटच्या दिवसांत लावलेली लिंबोणीची रोपे. आज पाणी चुकले, तर रोपे जळणार हे नक्की होते.

बिचारीने चारही वाफ्यांची तोंडे एकदम उघडली. पाणी चहूकडे पांगले आणि वितभर जाऊन मातीत मुरले. ती इकडून तिकडे धावत होती, मध्येच आईच्या कपाळावरची पट्टी बदलायला घरात, पुस्तक काखेतच. तोवर मी अर्धा भरलो होतो. तिचे पांढरेफटक तोंड पाहून मला माझीच दहशत वाटली.

"काका, वाडगा जरा हळू बुडवा ना!"

"तो माझ्या बापाचंही ऐकत नव्हता, पोरी. पाणी एक आणि तोंडं चार! कुणाची तहान भागणार?"

"मग काय करू? सगळंच माझं आहे हो!"

"सगळं आज जगणार नाही. काय जाऊ द्यायचं ते आधी ठरव."

रय्याने चारही वाफ्यांवरून नजर फिरवली. मी आणखी खोल गेलो. मग रडत रडत तिने घासाचे तोंड चिखलाने बुजवले, नंतर कांद्याचे, मग गव्हाचेही. पुस्तक बांधावर ठेवले. शेजारणीला हाक मारली, "मावशी, आईजवळ बसता का जरा?" आतापर्यंत ही हाक तिच्या तोंडून निघालीच नव्हती.

पाणी एकवटून लिंबोणीकडे निघाले. मी काठोकाठ भरलो होतो. थांब, थांब, असे मी स्वतःलाच विनवत होतो; पण तळाचे भोक विनवणी ऐकत नाही. मी परातीच्या तळाला टेकलो, तेव्हा पाणी शेवटच्या रोपाच्या मुळाशी नुकते पोचले होते. गहू, कांदा गेला; घास वाळला, शेळ्या विकाव्या लागल्या. परीक्षा रय्याने पुढच्या वर्षी दिली.

आता घड्याळे आली, आणि रय्याने मला मागून घरी नेले. मी फडताळात धूळ खात पडतो. परवा तिची सून म्हणाली, "भोक बुजवून यात हलवा ठेवू या."

म्हातारी रय्या लिंबू चिरता चिरता थांबली. "हात लावू नकोस त्याला!"

मित्रांनो, मला अधूनमधून घासा, पण माझे भोक बुजवू नका. मी बुडतो आहे हे तिला दिसले, म्हणूनच ती लिंबोणी आज शेतात उभी आहे.