मेले नाही हो, डोळा बघा!

मी बॅटरी बोलतेय. गाडीच्या डिकीतून. आवाज बारीक येतोय ना? येणारच. पण आवाज माझा बारीक नाही, मला बांधलेली वायर बारीक आहे.

आज दुपारी ती वायर माझ्या कानाला गुंडाळली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. एरवी वायर जोडली की कसं भक्कम वाटतं, कोणी हात घट्ट धरावा तसं. ही वायर लागली आणि मला चक्क गुदगुल्या झाल्या. म्हटलं, हे काही लक्षण बरं नाही.

पण माझं ऐकतं कोण? मी पडले घाबरट. आणि घाबरटानं खरं सांगितलं तरी लोक म्हणतात, तिचं नेहमीचंच आहे.

तशी मी जन्मतः घाबरट नव्हते हं. कारखान्यात माझ्या पोटात शिशाच्या पट्ट्या बसवल्या, वरून तेजाब ओतलं, झाकण ठोकलं आणि झाकणावर दोन कान दिले, एक धन, एक ऋण. तोंड द्यायचं मात्र राहून गेलं. त्याऐवजी एक डोळा दिला, काचेचा, वाटाण्याएवढा. पोट भरलेलं असलं की तो हिरवा दिसतो, भूक लागली की काळा. माझी सगळी भाषा तेवढीच. भांडायचं असलं तरी त्यातच, आणि रडायचं असलं तरी त्यातच.

माझं पहिलं घर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलची गाडी, आणि माझ्या स्वभावाची वाट तिथेच लागली. शिकाऊ माणूस गाडी बंद पाडतो, मग सेल्फ मारतो. पुन्हा बंद पाडतो, पुन्हा सेल्फ मारतो. दर सेल्फला माझ्या पोटातून विजेचा लोंढा बाहेर पडतो. तुम्हाला कोणी दिवसभर गाढ झोपेतून हलवून उठवत राहिलं तर तुमचं काय होईल? एक बाई यायच्या, त्या गाडी बंद पडली की गाडीचीच माफी मागायच्या. त्यांच्याबद्दल मला अजून माया आहे. बाकीचे क्लचला शिव्या घालायचे. शेजारी बसलेले मास्तर ओरडायचे, "ब्रेक! ब्रेक! अहो, तो हॉर्न आहे!" आता हॉर्न वाजतो तोही माझ्याच जिवावर. स्वतःच्याच आवाजाला दचकणारी जगात मी एकटीच असेन.

पुढे मास्तरांनी गाडीत नवी बॅटरी घातली आणि मला त्यांच्या ओळखीच्या घड्याळवाल्यांनी नेलं. वीज गेली तरी टेबलावरचा दिवा चालू राहावा म्हणून. या घड्याळवाल्यांना मी बाबा म्हणते, कारण घरात त्यांची मुलगी तसं म्हणते.

दुकानात सुख होतं. फक्त बारा वाजता छातीत धस्स व्हायचं. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानातली घड्याळं एकमेकांशी कधी पटवून घेत नाहीत. एकाचे बारा वाजून संपतात तोवर दुसऱ्याचे सुरू होतात, आणि कोपऱ्यातलं एक म्हातारं घड्याळ सगळे गप्प झाल्यावर खाकरून आपलं सुरू करतं. मी दर वेळी दचकायचे. बाबांना काही नाही. ते डोळ्याला भिंग लावून, चिमट्यात खसखशीएवढा स्क्रू धरून बसलेले. त्यांच्या जगात सगळंच बारीक. बटणाएवढा सेल घातला की घड्याळ वर्षानुवर्षं चालतं, आणि केसाएवढी तार पुरते. बोटाएवढी वस्तू कोणी दिली तर म्हणायचे, "हा धोंडा कुठे ठेवू?" तेव्हा मला त्याची गंमत वाटायची. ती पुढे माझ्याच अंगाशी येणार आहे हे कुठे माहीत होतं!

आता आत्याबाईंची ओळख करून देते. बाबांची थोरली बहीण. इस्पितळाच्या टेलिफोनवर त्यांनी उभा जन्म काढला. फोन वाजला की मान किंचित कलती करायची, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "हं, बोला." घाबरलेली माणसं, चिडलेली माणसं, चुकीचा नंबर लावलेली माणसं, सगळ्यांना तेच. निवृत्त झाल्यावर हात रिकामे राहवेनात म्हणून विणायला लागल्या. माणसांचे स्वेटर झाले, चहाच्या किटलीचा झाला, दुकानातल्या स्टुलाच्या पायांचे मोजे झाले.

या आत्याबाईंची एकच हौस राहिली होती. थंडीत वर डोंगरातल्या तळ्याचं पाणी गोठतं, त्या काठावर तंबूत एक रात्र झोपायचं आणि सकाळी उठून तो बर्फ बघायचा. बाबा दर वर्षी म्हणायचे, "पुढच्या वर्षी नक्की, ताई." दर वर्षी काहीतरी आडवं यायचं. आणि आता आत्याबाईंचे गुडघे आडवे आले. गारठा लागला की ते असे धरतात की उठवायला दोन माणसं लागतात.

यंदा मात्र त्यांच्या भाचीनं मनावर घेतलं. ही बाबांची मुलगी. हिला घरात टिकटिक म्हणतात, कारण ती थांबत नाही. शेजारचा ट्रकवाला रात्री ट्रकमध्ये झोपताना डिझेलवर चालणारा हीटर लावतो, तो ती मागून घेऊन आली. पेटीएवढा हीटर, वर मूठ, आत डिझेलची छोटी टाकी. तंबूच्या बाहेर ठेवायचा, म्हणजे धूर बाहेरच्या बाहेर जातो आणि जाड नळीतून फक्त गरम हवा आत येते.

ट्रकवाला म्हणाला, "काका, तुम्ही हुशार माणूस, तुम्हाला काय सांगायचं. फक्त याच्या वायरींना हात लावू नका."

"छे छे!" बाबा म्हणाले.

आईंनी, म्हणजे बाबांच्या बायकोनं, अट घातली. "वन्सं, हीटर चालला तर राहायचं. नाही चालला तर अंधार पडायच्या आत घरी. तुमचे गुडघे धरले तर तिथे कोण आहे आपलं?"

"चालेल गं," आत्याबाई म्हणाल्या. "आणि न चालायला काय झालं? एवढी मोठी बॅटरी आहे की."

ऐकलंत? कोणाची तरी एवढ्या वर्षांची हौस आता माझ्या अंगावर होती. निघायच्या आदल्या दिवशी मला चार्जरला लावलं, तेव्हा मी पोट फुटेस्तोवर जेवले. एक घास सोडला नाही. डोळा असा हिरवागार झाला की मलाच माझा अभिमान वाटला.

आणि तेवढ्यात आत्याबाई आल्या, हातात जांभळी माकडटोपी घेऊन. "थंडीत बॅटरीचा जीव अर्धा होतो म्हणे. हिला घाला ही." कानांना दोन भोकं, बाकी सगळं झाकलेलं. फार ऊबदार, फार प्रेमाची. फक्त माझा एकुलता एक डोळा तिच्याखाली गेला. माझी भाषाच बंद झाली हो! पण एवढ्या मायेनं विणलेलं, नको कसं म्हणणार? आणि म्हणणार तरी कशानं?

दुपारी इथे पोचलो. तळ्याच्या काठाशी गाडी जात नाही, मध्ये लाकडी खुंट पुरलेत. तंबू खुंटांच्या पलीकडे, मी अलीकडे, डिकीत.

"हिला उचलून तिकडे नेतो," बाबा म्हणाले.

"हात लावायचा नाही," आई म्हणाल्या. "मागच्या खेपेला कंबर धरली तेव्हा महिनाभर तुमच्या पायात मोजे मी घालत होते."

"मग वीज काय उडत जाणार आहे?"

"तुम्ही कारागीर ना? काढा काहीतरी."

बाबांनी काढलं. हीटरची स्वतःची वायर चांगली जाडजूड होती, पण आखूड. बाबांनी तिच्या टोकाचे, बॅटरीला लावायचे चिमटे सोडवून पिशवीत टाकले आणि पत्र्याच्या डब्यातून एक लांबलचक वायर बाहेर काढली. दारावरच्या जुन्या बेलची. घरात नवी बेल बसली तेव्हा "वाया कशाला घालवायची" म्हणून जपून ठेवलेली.

टिकटिक म्हणाली, "बाबा, त्या ट्रकवाल्या काकांनी वायरींना हात लावू नका सांगितलं होतं."

"हात कुठे लावतोय? नुसती वाढवतोय."

"पण ही जरा बारीक नाही का?"

"बारीक?" बाबांनी ती बोटांत धरून उंच केली. "माझ्या दुकानात हिला दोरखंड म्हणतात!"

झालं. एक टोक माझ्या कानांना, दुसरं हीटरला. आणि मला त्या गुदगुल्या.

आता हीटरचा स्वभाव सांगते. एकदा पेटला की त्याला फारसं काही लागत नाही, पंखा फिरण्यापुरती वीज दिली की खूश. पण पेटताना आतली सळई लालभडक व्हावी लागते, आणि तेव्हा त्याला एकदम भरपूर वीज हवी असते. काही माणसं नसतात का, एकदा उठली की दिवसभर राबतात, पण उठवायलाच चार जण लागतात? तसा.

टिकटिकनं बटण दाबलं. हीटर जागा झाला आणि वायरीतून खेकसला, "बाई, पाठवा!"

"पाठवतेय, भाऊ!" मी म्हटलं. आणि खरंच, जीव तोडून पाठवत होते.

"काय पाठवताय, थेंब? ट्रकमध्ये होतो तेव्हा एका हाकेत पेटायचो!"

मी काय करू? टाकी तुडुंब भरलेली आणि नळी पेनच्या रिफिलची. निम्मं तर त्या वायरीतच मुरत होतं. हीटरनं दोन-चार उसासे टाकले, लाल दिवा लावला, पीं पीं केलं आणि बंद पडला.

"बाबा, चूक दाखवतोय. वीज कमी पडतेय म्हणे," टिकटिक ओरडली.

पुन्हा बटण. पुन्हा पीं पीं. त्या प्रत्येक पीं पीं ला मी डिकीत दचकत होते, आणि ती हाकही, त्या हॉर्नसारखीच, माझ्याच जिवावर निघत होती.

मग बाबांनी खिशातून मीटर काढला आणि तिथेच, हीटरच्या टोकाला लावला. "दाब गं बटण. हं... नऊ! बारा पाहिजेत तिथे नऊ. गेली म्हातारी."

गेली? कोण गेली? अहो, माझ्या दारात येऊन मोजा की! उगमाला पाणी किती आहे ते वाळवंटात उभं राहून काय मोजता?

"तरी मी म्हणत होते," आई म्हणाल्या. "जुनी बॅटरी कशाला आणायची? उद्या दुकानात जाता जाता भंगारवाल्याकडे टाका. चला, आवरा. उजेड आहे तोवर निघू."

भंगार! माझं सगळं तेजाब एका जागी गोळा झालं. तिथे आमच्या जातीचं काय होतं ते मला माहीत आहे. मास्तरांच्या गाडीतलं जुनं टायर गेलं होतं, ते काही पत्र पाठवून खुशाली कळवत नाही.

आत्याबाई घडीच्या खुर्चीत बसून तळ्याकडे बघत होत्या. काठाशी पातळ पापुद्रा धरायला लागला होता. एवढंच म्हणाल्या, "अरे, बर्फ धरतोय बघ. सकाळपर्यंत छान होईल."

बाबांचा हात सवयीनं डोळ्यावरचं भिंग सारखं करायला गेला, पण भिंग तर दुकानात राहिलं होतं. "पुढच्या वर्षी नक्की, ताई."

"हो रे," आत्याबाई म्हणाल्या. ज्या सुरात त्या चुकीचा नंबर लावणाऱ्याला 'काही हरकत नाही' म्हणत असतील, त्याच सुरात.

तर वाचकहो, आत्ता मी अशी आहे. पोट भरलेलं, डोळा हिरवागार, डोक्यावर माकडटोपी, आणि गावभर बोंब की मी मेले. माझं एकच मागणं आहे. कोणाला निकामी ठरवायचं असेल तर जरूर ठरवा, पण लांबून ठरवू नका. चार पावलं चालून या. झाकण, टोपी, जे काही तुम्हीच प्रेमानं घातलं असेल, ते एकदा उचला आणि...

थांबा. कोणीतरी येतंय. गुडघ्यांचा आवाज ओळखीचा आहे.

"कुठे निघालात, वन्सं?" आईंचा आवाज.

"माझी टोपी काढून आणते. बॅटरी द्या खुशाल भंगारात, टोपी नाही देणार. चांगली लोकर आहे ती."

"आत्या, मी शेवटचं एकदा बटण दाबून बघते!" टिकटिक.

"दाब बाई, दाब."

हीटर पुन्हा खेकसतोय. मी पुन्हा जीव तोडून पाठवतेय. डिकी उघडली, आतला दिवा लागला. आत्याबाईंची गारठलेली बोटं टोपीच्या कडेला आली, वायरीला लागली आणि तिथेच थांबली.

"अगं बाई! ही तर गरम आहे." त्यांनी वायर दोन्ही मुठींत धरली, शेकोटीवर धरावेत तसे हात. "अरे, तंबूत आम्ही कुडकुडतोय आणि ऊब सगळी या वायरीत येऊन बसलीय!"

"काय म्हणतेस, ताई?" बाबा तिकडून.

आत्याबाईंनी टोपी वर ओढली. कान सुटले, कपाळ सुटलं, आणि माझा डोळा उघडा पडला. मी जेवढी हिरवी होऊ शकते तेवढी झाले. त्याहून थोडी जास्तच.

त्या चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून वाकल्या. बघतच राहिल्या. मग त्यांनी मान किंचित कलती केली, डोळे मिटले आणि म्हणाल्या,

"हं, बोला."