बांधावरच्या घंटेचे दोन टोले

सन एकोणीसशे त्र्याहत्तर, जानेवारी महिना, ऐन हिवाळा. त्या हिवाळ्याची हकिगत सांगावी म्हणून मी, एक घंटा, आज आपल्याशी बोलते आहे. तळे आणि नदी यांच्यामधून एक मातीचा बांध जातो. तो जिथे पुलाकडे वळतो, तिथे एका लोखंडी खांबावर मी टांगलेली असते.

माझा जन्म ओताऱ्याच्या भट्टीतला. ज्यांनी मला करायला सांगितले होते, त्यांना माझा आवाज पसंत पडला नाही. "हिला सर्दी झालीय का?" असे विचारून ते दुसरी घंटा घेऊन गेले. मला पदरात घेतले ते नदीवरच्या होडीवाल्याने. पुढे पूल झाला आणि होडी बंद पडली. त्याने मला मोडीत घातले असते तरी कोणी त्याला नावे ठेवली नसती. त्याने मला वळणावर टांगले. त्याचे उपकार माझ्याने फिटणार नाहीत.

बांधावर सकाळी फिरायला येणारी मंडळी ठरलेली होती. थंडीच्या दिवसांत तळ्यावरून एक धुके उठते, नदीवरून दुसरे, आणि बांधावर दोघांची गाठ पडते. मग माणसाला स्वतःचे जोडेही दिसत नाहीत. अशा वेळी वळणाशी पोहोचणाऱ्याने माझी दोरी ओढून एक टोला द्यायचा, अशी रीत आपोआप पडून गेली. मागच्यांना वळण कुठे आहे ते कळे, आणि पुढचा सुखरूप पार झाला हेही कळे. सर्वांच्या पुढे एक निवृत्त कंपाउंडर असत. पुलाच्या पायऱ्यांवर बसून ते टोले मोजत आणि शेवटचे माणूस पार झाल्यावाचून घरी जात नसत.

या मंडळींत दोन जावा होत्या. धाकटीचा खांदा आखडलेला, हात वर जात नसे. म्हणून थोरलीच दोन टोले देई, एक स्वतःचा आणि एक तिचा.

"माझ्या वाट्याचा तरी जरा हळू द्या, ताई," धाकटी म्हणे.

"तुझा आवाजच मोठा, त्याला मी काय करू?"

मला ही बोलणी फार आवडत. माणसे ज्याच्याशी तावातावाने बोलतात, त्याच्याच सोबतीला रोज येतात, हे मी बांधावर शिकले.

त्या जानेवारीत मात्र बोलणी बिनसली. धाकटीच्या यजमानांना नदीपलीकडच्या कागद गिरणीत नोकरी लागली होती, राहायला दोन खोल्याही मिळत होत्या. धाकटीला जायचे होते. थोरलीने ते मनाला लावून घेतले. एका सकाळी दाट धुक्यात दोघींचे आवाज माझ्यापर्यंत आले.

"इतकी वर्षं एका घरात काढलीस. काय कमी पडलं तुला?"

"घर तुमचं होतं, ताई. मी त्यात राहत होते."

थोरली एकटीच तरातरा चालत आली. तिने दोरी ओढली आणि सवयीने हात पुन्हा खाली आला. दोन टोले पडले. पुलाच्या पायऱ्यांवर कंपाउंडरांचा हिशेब पुरा झाला. सगळी मंडळी पांगली.

थोड्या वेळाने तळ्याच्या अंगाने बारीक हाक आली. "कुणी आहे का?" मी ऐकत होते, पण दोरीला हात लागल्याशिवाय मला तोंड उघडता येत नाही. हळूहळू हाकही थांबली. तेवढी लाचारी मी आयुष्यात अनुभवली नव्हती.

मग पुलाकडून घाईची पावले आली. थोरली आणि मागे कंपाउंडर.

"अहो, पण त्यांचा टोला मी स्वतः ऐकला," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

"तो मीच दिला. ती घरी पोचलेली नाही."

"मग चला, बांधावर शोधू."

"या धुक्यात कुठे शोधणार? तिला तळं कुठे नि वाट कुठे ते कळत नसेल. निदान मी कुठे आहे ते तरी कळू दे."

तिने दोरी धरली आणि मला अशी वाजवली, की खांब थरथरला. थांबायची, कान द्यायची, पुन्हा ओढायची. तळहात सोलले तरी तिने कंपाउंडरांच्या हाती दोरी दिली नाही. माझा सारा घोगरेपणा मी त्या धुक्यात ओतला.

"पुरे, ताई," अगदी जवळून आवाज आला. "पाय मुरगळलाय माझा, कान शाबूत आहेत."

धाकटी उतारावरून घसरली होती. गुडघ्यापर्यंत भिजलेली, माझ्या आवाजाच्या रोखाने ती बसत-सरकत आली होती.

"माझा टोला कशाला दिलात?" तिने विचारले.

"हाताला दुसरं काही येत नाही," थोरली म्हणाली, आणि स्वतःची शाल तिच्या पायांभोवती गुंडाळू लागली.

आता माझ्या कडांवर हिरवट थर चढला आहे. तरी येणारे-जाणारे मला पुसतात, दोरी झिजली की बदलतात. याहून अधिक मानाची मला अपेक्षा नाही. आपण कधी तिकडे आलात आणि धुके असले, तर मागच्यासाठी एक टोला द्यावा, एवढीच विनंती.

त्र्याहत्तरचा तो हिवाळा सरता सरता, एका लख्ख सकाळी, धाकटीचे सामान हातगाडीवरून बांधावर आले. गाडीला एका बाजूने थोरलीचा हात होता. वळणाशी गाडी थांबली. पेटीची सैल गाठ थोरलीने पुन्हा आवळली, आणि मान वर न करता म्हणाली, "घर तुझंही होतं. मी तसं कधी म्हटलं नाही."

"होतं कसं?" धाकटी म्हणाली. "माझं अर्धं सामान तिथेच ठेवून चाललेय. उद्या फिरायला येताना मोठी कढई घेऊन या. नाही तर मीच न्यायला येते."

"तूच ये," थोरली म्हणाली, आणि हातगाडीवाल्याला तिने निघायची खूण केली.