मी गळत नव्हतो

मित्रांनो, माझं नाव-गाव नंतर सांगतो. आधी एवढं ऐकून घ्या: मी गळत नव्हतो. एक थेंबसुद्धा नाही. माझ्या आयुष्यात मला जेवढ्या शिव्या बसल्या, त्या सगळ्या या एका खोट्या आरोपापायी. म्हणून तोंड उघडल्या उघडल्या सांगून टाकलं. आता जरा बरं वाटतंय.

मी एका मोटारबोटीवरचा जुना तेलपंप आहे. आमच्या बोटीचं इंजिन तिच्या पोटात आणि पाणी कापणारा पंखा मागे, बाहेर. त्या पंख्याला धरून असतो एक जाड लोखंडी पाय. खोल पाण्यात पाय खाली ठेवायचा, उथळ पाण्यात वर घ्यायचा. हा पाय उचलायचं काम माझं. कोणी बटण दाबलं, की मी माझ्या टाकीतलं तेल पायाच्या दोन सिलिंडरांत ढकलतो आणि पाय वर येतो. दुसरं बटण दाबलं, की पाय खाली जातो आणि तेल माझ्या टाकीत परत येतं. एवढं सोपं आहे. पण सोपी गोष्टच माणसाच्या डोक्यात शिरत नाही, त्याला मी काय करू?

परदेशातल्या कारखान्यात मी घडलो. मुंबईच्या एका शेठने ही बोट सहलीसाठी आणली. पाहुण्यांपुढे बटण दाबून तो म्हणायचा, "बघा, काय अलगद उचलतो." ते कौतुक ऐकून माझी छाती फुगायची. मग शेठला कंटाळा आला आणि बोट विकायला निघाली. ऐंशी सालच्या पुढेमागे आम्ही नायगावच्या खाडीत आलो.

आम्हांला घेतलं दोघांनी, निम्म्या निम्म्या भागीदारीत. एक क्लेमेंट, वसईच्या वाडीवाल्या घरातला, गोदीत फिटर होता. दुसरा काशीराम, खाडीकाठचा, भातशेती करणारा. तरुणपणी दोघे एकाच शिडाच्या होडीवर रेती वाहायचे, एका ताटात जेवायचे. आता ते नायगावच्या धक्क्यावरून समोरच्या बेटावर माणसं ने-आण करू लागले. बेटाला पूल नाही. भाजीवाल्या, मास्तर, आजारी माणूस, सगळे आमच्याच भरवशावर. मला तर अभिमानच वाटायचा. शेठच्या पाहुण्यांपेक्षा ही माणसं कामाची होती.

पण मित्रांनो, शिडाच्या होडीवर वाढलेल्या माणसाचा एक धर्म असतो. होडी काठाला लागली, की आधी सुकाणू उचलायचं, मग चपला शोधायच्या. ओहोटीला खाडी म्हणजे नुसता चिखल, सुकाणू खाली राहिलं तर मोडायचं. या दोघांनी तो धर्म माझ्यावरही लावला. काठाला लागताच पाय वर घ्यायचा, वरून दोरीने बांधायचा, आणि मग निवांत विडी पेटवून माझं झाकण उघडायचं. झाकणाला एक मापकाडी आहे, ती बघून क्लेमेंट म्हणायचा, "अरे, तेल कमी झालं की."

कमी झालंय म्हणे! पाय वर असला की तेल टाकीत कसं असेल? ते सिलिंडरांत पाय उचलून धरायला गेलेलं असतं. घरातले पुरुष कामावर गेले म्हणून कोणी माणसं हरवली अशी बोंब मारतं का? पण क्लेमेंट डबा उचलायचा आणि भरायचा मला गळ्यापर्यंत. सकाळी पाय खाली आला, की कामावर गेलेलं तेल घरी परतायचं. आत जागा कुठे? जास्तीचं उतू जायचं आणि बोटीच्या तळाशी साचायचं. काशीराम ते बघून कपाळाला हात लावायचा. "गलतंय हे."

संध्याकाळी पुन्हा पाय वर, पुन्हा टाकी रिकामी, पुन्हा डबा. काय बोलायचं या माणसांना!

मग सुरू झाले माझे हाल. त्यांनी आधी नळ्या बदलल्या. मग बोळिंजहून ज्युलियसला आणलं. तो लॉऱ्या दुरुस्त करायचा, हात चांगला होता, पण बोट त्याने लांबूनच पाहिलेली. त्याने माझं पोट उघडलं, वायसर बदलले, पुन्हा बसवलं. गळती कुठेच सापडेना. नसलेली सापडणार कशी? आठवडाभराने पुन्हा उघडलं. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय. आणि दर वेळी उघडताना माझ्या नळ्यांत हवा शिरली. आता खरंच बिघाड झाला. पाय उचलताना मला उचक्या लागू लागल्या. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

एका दुपारी ओहोटीने दगा दिला. बेटावरून परत येताना पाणी पटकन उतरलं. क्लेमेंटने बटण दाबलं, पाय थोडा हलला आणि तिथेच थांबला. बोट चिखलात रुतली. बायामाणसं गुडघाभर चिखलातून काठाला गेली, भाजीच्या टोपल्या काळ्या झाल्या. लोक जे बोलले ते तुमच्यासारख्या मुलांना सांगण्यासारखं नाही.

क्लेमेंटचा पारा चढला. "काल डबाभर तेल ओतलंय मी," तो काशीरामला म्हणाला. "गेलं कुठं? तुझ्या शेतातल्या इंजिनात जातंय काय?"

काशीरामने हातातली दोरी खाली ठेवली. मग शांतपणे म्हणाला, "चोर म्हन ना सरल. येवढं फिरून कशाला बोलतंस?"

मी ओरडत होतो, मित्रांनो. पण पंपाचं ओरडणं कोण ऐकतो?

भरतीला लोकांनी बोट ओढून धक्क्याजवळच्या खोल पाण्यात बांधली. पाय वर येईना, म्हणून खालीच राहिला. दोघांचं बोलणं बंद झालं. बेटावरच्या लोकांचे हाल कुत्रं खाईना. शेवटी बोट विकायची ठरली. कामणचा कोणी गिऱ्हाईक रविवारी देवळातली, म्हणजे चर्चमधली, मिस्सा प्रार्थना झाल्यावर येणार होता. त्याला फक्त इंजिन हवं होतं. बाकी आम्ही भंगारात जाणार.

रविवारी काशीराम आपली दोरी सोडून न्यायला आला. क्लेमेंट देवळातून थेट धक्क्यावर आलेला, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. दोघे बोटीत उभे, एकाची पाठ दुसऱ्याकडे. अखेर काशीराम दोरीकडे बघतच म्हणाला, "मगाशी सवयीनं झाकन खोललं. तेल काठोकाठ हाय. येवढं बोलून पन तूच भरलंस ना?"

"मी?" क्लेमेंट वळला. "काल गिऱ्हाइकासाठी भरायला आलो तर आधीच भरलेलं. मला वाटलं तू भरलंस. रात्रभर डोळ्याला डोळा नाही लागला, काशा."

"मी डब्याला हात नाय लावला. तू तसा बोलल्यावर हात लावायची लाज वाटतंय."

तेल आलं कुठून म्हणून दोघे झाकणाकडे बघू लागले. मग क्लेमेंटने बटण दाबलं. मी उचक्या देत पाय जमेल तेवढा वर घेतला. त्याने मापकाडी काढली. कोरडी! त्याचा हात सवयीने डब्याकडे गेला. काशीरामने त्याचं मनगट धरलं.

"थांब. आधी खाली घे."

पाय खाली आला. मापकाडी भिजली. पुन्हा वर घेतला, कोरडी. पुन्हा खाली, भिजली. दोघे वेड्यासारखे वर-खाली, वर-खाली करत बसले आणि माझ्या नळ्यांतली हवा बुडबुड करत टाकीतून निघून गेली. शेवटच्या खेपेला पाय असा सरसर वर आला, की शेठच्या वेळचे दिवस आठवले.

क्लेमेंटची बायको आग्नेस धक्क्यावरून म्हणाली, "गिऱ्हाईक येऊन उभाय आणि तुम्ही दोघं काय खेळताय?"

"परत जाऊ दे त्याला," क्लेमेंट म्हणाला. मग खाली बसून काशीरामला म्हणाला, "गळती नव्हतीच रे. मग मी ते बोललो, त्याचं काय?"

"ते तुझ्या देवलातल्या फादरला सांग," काशीराम म्हणाला. "मला भाडं घ्यायचंय."

बोट पुन्हा सुरू झाली. दोघे पुन्हा एका डब्यातून जेवू लागले. आता माझं तेल पाय खाली घेऊनच बघतात, आणि वर्षातून एकदा बदलतातही. माझी काहीच तक्रार उरलेली नाही. मित्रांनो, यंत्र बिघडलं तर आधी ते नीट बघा, मग उघडा, आणि माणसाला बोल लावायची पाळी आली तर त्याहून नीट बघा. मी लोखंडाचा, माझ्यातली हवा वर-खाली केल्याने निघून गेली. पण काशीराम अजूनही एकटा असला की माझ्या झाकणाला हात लावत नाही. क्लेमेंट येईपर्यंत बाजूला बसून वाट बघतो.