कंदाचं वय

"बाळाच्या नावानं बांबूचं बेट लावायचं तर बियाचं लाव, सूनबाई. कंद लावशील तर माझं वय तिच्या दारात पुरशील."

सासूबाई असं म्हणाल्या तेव्हा ती हसली होती. वनस्पतिशास्त्र शिकलेल्या सुनेला बांबू शिकवायला निघाल्यात, असं मनात आलं होतं. खरं तर पुस्तकातही तेच होतं. बांबू आयुष्यात एकदाच फुलतो आणि फुलला की वाळून मरतो. जुन्या बेटाचा कंद कुठंही नेऊन लावला तरी तो आईच्याच वेळेला फुलतो. पण बियाचं रोप सुरुवातीला नुसतं गवत दिसतं. तिला लेकीबरोबर, बिट्टीबरोबर, डोळ्यांदेखत वाढणारं झाड हवं होतं.

म्हणून तिनं सासूबाईंच्या, त्यांच्याच वयाच्या बेटाच्या कडेची कोवळी काठी कंदासकट खणली, वरून तिरकी छाटली, कापल्या तोंडावर ओली माती थापली आणि बिट्टीच्या खिडकीखाली उतारावर लावली, म्हणजे मुळाशी पाणी साचायला नको. कोंब आधी करंगळीएवढे यायचे, मग मनगटाएवढे. नव्या काठीवर पिठासारखी पांढरी भुकटी असायची. बिट्टी ती गालाला फासून घ्यायची.

पुढं सासूबाई गेल्या. घर वाढवायला जागा हवी म्हणून त्यांचं बेटही मुळासकट उपटलं.

यंदा खिडकीखाली एकही कोंब आला नाही. पानं झडली आणि उघड्या काठ्यांना भाताच्या लोंबीसारखे तुरे लागले.

"बांबूला फुलं आलीत, तुला शिंगं नाही फुटलेली," नवरा म्हणाला. "दचकतेस काय एवढी?"

"आईंचं बेट असतं तर तेही आत्ता फुललं असतं."

"आईचं बेट आहे कुठं आता?"

"तेच म्हणते मी. त्यांचं वय आता बिट्टीच्या खिडकीखालीच उरलंय."



बी गळून अंगणात सडा पडू लागला. वाऱ्यानं काठ्या एकमेकींना घासायच्या आणि कुर्र कुर्र वाजायचं. सासूबाई उठताना त्यांचे गुडघे अगदी असेच वाजायचे. ती खिडकी लावून घ्यायची, तरी ऐकू यायचं. अशातच बिट्टीला ताप भरला. औषधानं उतरायचा, पुन्हा चढायचा. लेक डोळे अर्धे मिटून पडून राहायची आणि हिची नजर लेकीवरून वाळत्या काठ्यांवर, काठ्यांवरून पुन्हा लेकीवर. तुमचं वय तुम्हीच घेऊन जा हो आई, माझ्या लेकीचं तिला राहू द्या, असं ती पुटपुटली आणि कोयता घेऊन तिनं भरदुपारी अख्खं बेट जमीनदोस्त केलं.

चार दिवसांत उरलेल्या बुडख्यांनाच तुरे फुटले. पानं नाहीत, फांदी नाही, नुसती फुलं. आणि घासायला एक काठी उरली नव्हती, तरी कुर्र कुर्र चालूच होतं.

आता ते घरातून येत होतं.

तिनं बिट्टीला उचलून नवऱ्याकडं दिलं आणि पलंग भिंतीपासून ओढला. मागं कोपऱ्यात ओंजळी-ओंजळीनं साठवलेलं बांबूचं बी होतं, कुरतडलेली गादी होती, आणि लेंड्या.

"उंदीर?" डॉक्टरांनी विचारलं. "हे आधी सांगायचं ना, बाई. मी साधा ताप समजत होतो."

"मला वाटलं..." ती म्हणाली आणि बिट्टीचं पांघरूण सारखं करू लागली.

औषध बदललं. हळूहळू ताप उतरला. बिट्टीनं पेज मागितली, वर नावंही ठेवली. नवऱ्यानं बी पोत्यात भरून जाळलं, भिंतीतली बिळं बुजवली. बिट्टी निजल्यावर पहिल्यांदाच ती डोळे मिटून पडली, आणि ताडकन उठून बसली.

"अहो, वरच्या खोलीत भाड्यानं राहायची ती शिवणवाली."

"तिचं काय? ती गेली की घर सोडून, तिला दिवस होते तेव्हाच."

"जाताना मी तिला ह्याच बेटाचा कंद दिला होता. खिडकीखालीच लाव, बाळाला सावली होईल, असंही वर सांगितलं."

फोन लावला तर बंद. नवा पत्ता कुणालाच ठाऊक नाही. तिचं मूल आता रांगत असेल, जमिनीवरचं दिसेल ते तोंडात घालत असेल.

तेव्हापासून ती भेटेल त्याला विचारते आहे, म्हणून तुम्हालाही. तुमच्या गल्लीत कुणी एकटी बाई शिवण शिवते का? डाव्या हाताला कायम सुयांची उशी बांधलेली, लहान मूल, खिडकीखाली बांबू. बांबूला तुरे आलेले दिसले तर बाहेरून बघून परतू नका. दार वाजवा, आत जा आणि मुलाच्या कपाळाला हात लावून बघा.