अ‍ॅडम्स पार्टी, जेफरसन पार्टी

मी थापा मारतो असं लातुरात बोललं जातं आणि नांदेडातही बोललं जातं. दोन जिल्ह्यांत नाव असणं ही काय लहान गोष्ट आहे? मुखेडच्या बाजारात मी एक बैल पाहिला होता. गिऱ्हाइकाचं तोंड बघून तो आपली किंमत आपणच ठरवायचा. पटली नाही तर मान हलवायचा. हे सांगितलं की लोक हसतात, पण बैलाचा रंग विचारल्याशिवाय कुणी उठत नाही. असो. मी मन्मथ, वय पंचाहत्तरच्या पुढं, म्हणजे एस.टी. फुकट. आज सांगतो त्यातलं अमेरिकेचं तेवढं सगळं खरं आहे. बाकीचं तुमचं तुम्ही बघून घ्या.

लातूरला गंजगोलाईच्या मागं संगप्पाचं भांड्यांचं दुकान आहे. त्याचा पोरगा रविकिरण अमेरिकेत नोकरीला. त्यानं एकदा बापाला वॉशिंग्टनचं जाडजूड इंग्रजी चरित्र पाठवलं. बापानं ते तराजूत टाकलं, ‘लई भरलं’ म्हणाला आणि पितळी घागरींच्या मागं ठेवून दिलं. आमचा तिसरा दोस्त चांदपाशा सर, नायगावला इंग्रजी शिकवून रिटायर झालेला आणि लातुरात येऊन राहिलेला. त्यानं ते उघडलं आणि आमच्या म्हातारपणाचं वाटोळं झालं.

तेव्हापासून दर रविवारी दुकानाच्या माडीवर बैठक. पुस्तकं संगप्पा मागवणार, सर इंग्रजी वाचून तिथल्या तिथं आपल्या भाषेत सांगणार, आणि मी ‘हूं’ म्हणणार. भजीही मीच संपवणार.

मला पहिले सहा महिने फार जड गेले. आयुष्यभर मी थापा मारल्या आणि हे लोक खरंच तसं जगून गेले! तिथल्या राष्ट्राध्यक्ष जेफरसनला कुठल्याशा गावानं साडेपाचशे किलोचं एकच चीज भेट पाठवलं. मी म्हटलं, सर, आकडा नीट बघा, चष्मा पुसा. सरांनी चष्मा पुसला, आकडा तसाच. ‘अमेरिकेतली जनावरं खुरटी असतात’ असं फ्रान्समधला एक शहाणा म्हणाला, म्हणून ह्याच जेफरसननं रोहीच्या, म्हणजे नीलगाईच्या दीडपट उंचीचं एक मेलेलं जनावर समुद्रापार पॅरिसला मागवलं. पोचेपर्यंत त्याचे केस झडले होते. आणि तो अ‍ॅडम्स! विलायतेला आपल्या देशाचा वकील म्हणून गेला, तिथल्या शेतातला उकिरडा उकरून बघितला आणि म्हणाला, खत बरं आहे, पण माझ्या घरच्यासारखं नाही. मी तर टाळ्याच पिटल्या. असा माणूस राष्ट्राध्यक्ष झाला! आमच्याकडं तो फार तर सोसायटीचा चेअरमन झाला असता, आणि तेही पॅनल चांगलं मिळालं तर.

होता होता पार्ट्या पडल्या. संगप्पा जेफरसनचा, कारण जेफरसन हात सैल सोडून खर्च करायचा आणि भाजीपाला लावायचा. सर अ‍ॅडम्सचे, कारण अ‍ॅडम्स तोंडाचा फटकळ, हाताचा स्वच्छ आणि बायकोला विचारल्याशिवाय पान न हलवणारा. मी दोन्हींकडं. दोन्हींकडून भजी.

मग आली अठराशेची निवडणूक. जेफरसन आणि अ‍ॅडम्स जुने जिवलग, आणि एकमेकांच्या विरोधात उभे. खुर्चीवर बसलेला अ‍ॅडम्स पडला, जेफरसन आला. नव्याच्या शपथविधीला थांबायचं सोडून पहाटे अंधारात घोडागाडी जोडून निघून गेला. सरांनी इथवर वाचलं आणि संगप्पा खदखदून हसला.

“लग्नातला रुसलेला मामा गेला बघ! टोपी-टावेल मिळाला न्हाई म्हणून!”

“अप्पा, जबान सांभाळ,” सर म्हणाले. “तुझ्या जेफरसननं काय केलं? मित्राला शिव्या द्यायला पेपरवाला पोसला! पैसे देऊन!”

“राजकारणात चालतंय ते.”

“दोस्तीत नाही चालत.”

“मग तुझा मामा पळाला कशाला? पडलेल्यानं हार घालावा, चहा घ्यावा, घरी जावं.”

“मामा म्हणू नको.”

“मामा! मामा! मामा!”

सरांनी पुस्तक मिटलं, चपला घातल्या. दुसऱ्या दिवशी कळलं की सर पहाटेच्या पहिल्या गाडीनं नांदेडला गेले, लेकीकडं, साबेराकडं, देगलूर नाक्याला. संगप्पाला निरोप नाही की काही नाही. संगप्पा म्हणाला, “बघितलंस? हुबेहूब! अंधारातच गेला!” आणि हसला. पण पुढच्या रविवारी हसला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी त्यानं भजीही मागवली नाहीत, तेव्हा मला परिस्थितीचं गांभीर्य कळलं.

पुस्तक लातुरात आणि त्याची जीभ नांदेडात, अशी अवस्था. संगप्पा पुस्तक उघडायचा, चित्रं बघायचा, जेफरसनच्या नाकावरून बोट फिरवायचा. त्याची नात ऋतुजा डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करते. आम्ही तिला वाचायला बसवलं. दोन पानांत तिनं विचारलं, “आजोबा, हे सिलॅबसमध्ये आहे का?”

“न्हाई गं.”

“मग ह्यावर प्रश्न कसे येतील?” असं म्हणून पोरगी गेली.

मला मात्र एकच गोष्ट खात होती. ते दोघं अमेरिकेतले पुन्हा बोलले का? आणि आमचे दोघं बोलणार का? सरांना फोन केला की ते ‘तब्येत ठीक’ म्हणून ठेवायचे. संगप्पाला विचारलं की तो घागरी मोजायला लागायचा. असंच चाललं असतं तर मला रविवारी घरी बसावं लागलं असतं, बायकोसमोर. तारामतीला माझ्या सगळ्या थापा पाठ आहेत.

शेवटी ऋतुजाला जिन्यात गाठलं. तिनं मोबाइलवर बघून उभ्या उभ्या सांगितलं, “बोलले, आजोबा. त्यांचा एक डॉक्टर मित्र होता, रश नावाचा. त्यानं अ‍ॅडम्सला कळवलं की मला स्वप्न पडलं, माझा मुलगा इतिहासाचं पुस्तक वाचत होता, त्यात तुमची पुन्हा दोस्ती झाल्याचं लिहिलं होतं. मग थोड्या वर्षांनी झाली.”

एवढंच काम? एक स्वप्न? अहो, त्या सरळ माणसाला एका स्वप्नासाठी केवढे कष्ट पडले असतील! इथं माझ्याकडं भांडार आहे!

सकाळच्या गाडीत बसलो. अहमदपूरपर्यंत स्वप्न तयार झालं, लोह्यापर्यंत मी त्याला सजवलं, आणि नांदेड यायच्या आत मलाच ते खरं वाटून डोळ्यांत पाणी आलं. कंडक्टरनं विचारलं, बाबा, पाय दुखून राहिले का?

साबेरानं दार उघडलं. “या चाचा. बरं झालं आलात. अब्बा दिवसभर भिंतीला लेक्चर देतात.”

सर पलंगावर बसले होते. मी पाणी प्यालो, उसासा टाकला आणि सुरू केलं. “सर, काल पहाटे स्वप्न पडलं. ऋतुजा एक जाड पुस्तक वाचत होती. मराठवाड्याचा इतिहास. त्यात छापलं होतं की चांदपाशा सरांनी मोठ्या मनानं आधी फोन लावला. संगप्पा ढसाढसा रडला. आणि गोदावरीतून एक पांढरा हत्ती पोहत आला, त्यानं सोंडेनं दोघांवर गुलाबपाणी शिंपडलं.”

सरांनी हात वर करून मला थांबवलं.

“हत्ती सोडा, मन्मथराव. पुस्तक कोण वाचत होतं म्हणालात?”

“ऋतुजा.”

“इतिहासाचं?”

“हाव.”

“आणि त्यात दोस्ती छापलेली?” सर ताडकन उठले. “हे तर डॉक्टर रशचं स्वप्न आहे! अठराशे नऊचं! पुढचं सगळं मी कधीच वाचून ठेवलंय! पोराच्या जागी पोरगी घातली फक्त! कॉपी! माझ्यासमोर कॉपी? जन्मभर मी परीक्षेत पोरांच्या बाह्या झाडल्या, मियां, तुम्ही मला फसवणार?”

“पण हत्ती माझा आहे,” मी म्हणालो.

“साबेरा!” सर ओरडले. “ह्यानं रशचं स्वप्न चोरलं!”

“कौन रश, अब्बा? पोलिसात द्यायचं का?”

सर खोलीत दोन चकरा मारून आले. खिडकीतून रस्त्याकडं बघितलं. खाली एवढी माणसं, रिक्षा, फळवाले, पण ही चोरी कळेल असा एक माणूस त्यांना अख्ख्या देगलूर नाक्याला दिसेना. चेहरा असा झाला की मलाच वाईट वाटलं. मग त्यांनी फोन उचलला.

“अप्पा! मी बोलतोय. गप्प बस, आधी ऐक. हा मन्मथ्या इथं आलाय आणि डॉक्टर रशचं स्वप्न आपलं म्हणून सांगायलाय!”

पलीकडून संगप्पाचा आवाज इतका मोठा आला की फोनची गरज नव्हती. “कोण रश?”

“अरे तोच, ज्यानं स्वप्न सांगून अ‍ॅडम्स आणि जेफरसनला परत—”

“थांब! थांब की! सांगू नको! आपण अजून तिथं पोचलो न्हाई!”

सरांनी जीभ चावली.

“सांगितलंस!” संगप्पा कळवळला. “पुढचं सांगून टाकलंस! महिना झाला, मी ते पुस्तक उशाला घेऊन झोपून राहिलो, ऋतुजा उठून गेल्यावर तिला म्हटलं, आता पुढं काय झालं ते मला सांगू नको, आपण सरांच्या तोंडूनच ऐकायचं. आणि तू असं फोनवर, भाजीचा भाव सांगितल्यासारखं!”

“माफ कर, अप्पा. रागात निघून गेलं.”

“म्हणजे बोलतात ते दोघं?”

“बोलतात.”

“लई वर्षांनी?”

“बरीच.”

पलीकडं घागर खाली ठेवल्याचा आवाज आला. नंतर संगप्पा म्हणाला, “तिथंच थांब. हलू नको. आणि त्या चोराला जेवायला घाल, उपाशी राहिला की लई बोलतो.”

दुसऱ्या दिवशी दुपारी संगप्पा दारात उभा. टावेलात गुंडाळलेलं पुस्तक काखेत, शर्ट घामानं ओला. पहिलं वाक्य, “ह्या मन्मथ्याला फुकट आणि मला अजून अर्धं तिकीट! हा काय न्याय झाला?” आणि बसला सरांच्या पलंगावर. मामाचं नाव कुणी काढलं नाही. सरांनी चष्मा लावला. साबेरानं मिरचीची भजी तळली, ती लातूरपेक्षा सरस होती हे मी संगप्पासमोर सांगणार नाही.

वाचन असं झालं म्हणता! रश आला, स्वप्न आलं, पहिलं पत्र गेलं, उलट टपालानं उत्तर आलं. एकेका पत्राला संगप्पा मांडीवर थाप मारायचा. अ‍ॅडम्स दोन पत्रं पाठवी तेव्हा जेफरसन एक पाठवी, हे ऐकून तो म्हणाला, “तुझा माणूस बडबड्या!” सर म्हणाले, “तुझा चिक्कू!” आणि दोघंही असे खुश, जणू आपापल्या नातवांचं कौतुक चाललंय.

मग एका पत्रापाशी सर थांबले. म्हाताऱ्या अ‍ॅडम्सनं जेफरसनला कळवलं होतं की आपण एकमेकांना स्वतःला नीट समजावून सांगितल्याशिवाय दोघांनीही मरायचं नाही.

कुणी भजं उचललं नाही. मीसुद्धा नाही.

“सांग मग,” संगप्पा म्हणाला. “अंधारात का गेलास?”

“उजेडात गेलो असतो तर तू थांबवलं असतंस.”

“मग थांबायचं होतं की!”

“तू तीन वेळा मामा म्हणालास.”

“आरं, मामा म्हणजे घरचा माणूस! परक्याचा रुसवा काढतं का कुणी?”

“हे आधी सांगायचं होतं!”

“आधी तू पेपरवाला काढलास!”

“पेपरवाला पुस्तकातच आहे!”

“मग मामा माझ्या पोटातला हाय!”

साबेरा आतून धावत आली, आवाज ऐकून. पाहते तर दोघं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून हसता हसता खोकतायत, आणि पुस्तक पलंगावरून खाली घसरलंय. मी ते उचललं, पान शोधलं आणि सरांपुढं धरलं.

“पुढचं वाचा की. पुढं काय झालं?”

“गप रे,” दोघं एकदम म्हणाले. “अजून आमचं समजावून झालं नाही.”