तीन किलोमीटरवरचा थर

विमान उतरायला बावन्न मिनिटं होती. त्यात बर्फाच्या पेटीत एक यकृत होतं आणि ते ज्याला बसवायचं, तो वेधशाळेतल्या तंत्रज्ञ बाईंचा मोठा भाऊ. रस्त्यानं अकरा तास लागले असते. यकृत जेमतेम सात टिकणार होतं.

ज्वालामुखी परवापासून धुमसत होता. छतातल्या काचेतून लायडर या लेझर-यंत्राचा हिरवा किरण वर जात होता. हवेतल्या कणांवरून परतणाऱ्या उजेडातून त्यांची उंची कळायची, आणि तो किती विस्कटून आला यावरून आकारही. गोल असतील तर पाण्याचे थेंब, म्हणजे साधा ढग. टोकेरी असतील तर राख, इंजिन बंद पाडणारी.

तीन किलोमीटरवर, विमानाच्या उतरायच्या वाटेतच, थर होता. विस्कट चौतीस टक्के; गोल थेंबांचा जेमतेम दोन-चार असतो.

"काच पुसलीस?" साहेबांनी विचारलं.

"दोनदा."

"तुझ्या जागी दुसरं कुणी बसवू?"

"आहे कोण? तुम्हाला मशीन चालू करायलाही मी लागते."

ते हसले नाहीत.

फोन वाजला. इस्पितळातून वहिनी होती. "ताई, यांना तयार करून ठेवलंय. म्हणतायत, घरी कधी वेळेवर आली नाही, निदान विमान तरी वेळेवर आण म्हणावं."

"बघते," एवढंच ती म्हणाली.

तिनं भिंग फिरवून मापन पहिल्यापासून तपासलं. तेहतीस.

"बर्फाचे कणही टोकेरी असतात, साहेब. वर बर्फाचा ढग असेल."

"सकाळी सोडलेल्या हवामानाच्या फुग्यानं तिथलं तापमान किती दिलं?"

तिला आकडा पाठ होता. "शून्याच्या वर सात."

त्या तापमानाला बर्फाचे कण टिकत नाहीत. विमानात वैमानिक होता, एक डॉक्टर होती. पडद्याकडे बघत तिनं आणखी एक मिनिट आकडा बदलायची वाट पाहिली. मग अहवालात 'राख' लिहिलं आणि नियंत्रण कक्षाला पाठवून दिलं. चार मिनिटांत विमान माघारी वळलं.

या वेळी फोन तिनंच लावला.

"वहिनी, विमान परत गेलं. वर राख आहे. मीच कळवलं."

पलीकडे ट्रॉलीची चाकं वाजत होती.

"तुम्ही?"

"हो."

"अजून भूल दिलेली नाही यांना. सारखे दाराकडे बघतायत. मी काय सांगू, ताई?"

"तुम्ही नका सांगू. फोन दादाकडे द्या."