हिरवट खांब

आमच्या टास्मानियात जुलैच्या ऐन हिवाळ्यात सरपण संपणं म्हणजे नाचक्की, आणि यंदा ती आमच्याच वाट्याला आली. नवरा मासेमारीच्या बोटीवर. सरपणवाल्या मेल्याने टाकलेली लाकडं ओलीकच्च. शेगडीत घातली की नुसता धूर ओकायची. आमची तीन वर्षांची टॅम्सिन स्वेटरवर स्वेटर चढवून खोकत बसलेली.

मग माझ्या सासऱ्यांनी, क्लेमबाबांनी, शेजारच्या बंद पडलेल्या द्राक्षमळ्यातले खांब गाडीभर आणले आणि कापून पेटवले. शेगडी अशी धडाडली की घर तासाभरात उबदार झालं.

"बघ! याला म्हणतात सुकं लाकूड!"

मी कापलेलं टोक पाहिलं. कडेने हिरवट.

"बाबा, हे विष पाजलेलं लाकूड आहे. मातीत कुजू नये म्हणून पाजतात. हे जाळायचं नसतं."

"वीस वर्षं पावसात उभं होतं ते. कसलं विष राहतंय? सिडनीत बटण दाबून ऊब घेणारी तू, आता मला शेगडी शिकव!"

"अहो, घरात पोर आहे!"

"पोरासाठीच आणलंय ना? का गारठवून मारू तिला?"

हट्टी म्हातारा! मी दुसऱ्या सरपणवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, शुक्रवारी येतो. तोवर बाबा खांब घालतच राहिले.

गुरुवारी सकाळी फाटकापाशी आमचं वासरू आडवं पडलेलं दिसलं. पाय थरथरत होते, तोंडाला फेस. चिखलावर बाबांनी शेगडीतली राख पसरली होती, ती त्याने चाटून पुसून साफ केली होती. मी गुरांच्या डॉक्टरीणबाईंना तिथूनच फोन केला. खांबांचं सांगितलं तशा त्यांनी मला मध्येच तोडलं.

"वासराचं राहू दे. लाकूड जळालं तरी विष राखेतच उरतं, आणि ती राख गुरांना खारट लागते, म्हणून चाटतात. घरात लहान मूल आहे का?"

मी चिखलातल्या बुटांनी घरात धावले.

शेगडीच्या दाराची काळवंडलेली काच ओला कागद राखेत बुडवून घासायची, ही इथल्या घराघरातली रीत. आजोबा आणि नात तेच करत बसले होते. टॅम्सिनचं बोट तोंडात होतं. ओठ करडे.

"टॅम्सिन! थुंक! थुंक आधी!"

ती दचकली. "खारट आहे," ती म्हणाली.

"अगं, चिमूटभर तर चाखली..." बाबा हसत म्हणाले.

"वासरू मरतंय, बाबा. राख चाटून."

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी टॅम्सिनला ओढून मांडीवर घेतलं आणि वेड्यासारखे तिचं तोंड पुसायला लागले, ओठ, जीभ, हिरड्या, बोटं आत घालघालून.

"हात!" मी किंचाळले. "बाबा, तुमचे हात बघा!"